पौर्णिमाच्या डोक्यातले ठिपके

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी माझ्या पोटात झोपून गेलं असेल, तर माझा आवाज कसा असतो ते त्यांना विचारा. टिनाच्या पत्र्यावर कुणी हातोडा हाणत बसावं, तसा. लहान मुलं त्या आवाजानं रडतात, मोठी माणसं डोळे घट्ट मिटून घेतात. पण त्या आवाजानं कुणाचं काही बिघडत नाही. भ्यायचंच असेल तर माझ्या ओढीला भ्या.

मी एक जुना एमआरआय आहे, माणसाच्या शरीराच्या आतले फोटो काढणारं यंत्र. वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात, तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीत मी बारा वर्षांपासून आहे. माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. तिथल्या कारखान्यात माझ्या पोटाभोवती कित्येक मैल लांबीची बारीक तार गुंडाळली आणि ती हेलियम नावाच्या द्रवात बुडवून ठेवली. तो द्रव बर्फापेक्षा कितीतरी पट गार असतो. त्या गारव्यामुळे मी एक प्रचंड चुंबक झालो. दिवे मालवा, खोलीला कुलूप घाला, वीज जाऊ द्या, माझं चुंबक जागंच असतं. खोलीत लोखंड आलं की मी ते ओढून घेतो. ओढायचं की नाही, हे ठरवणं माझ्या हातात नसतं.

मी इथं आलो तेव्हा मला आत घ्यायला भिंत फोडावी लागली. पाहायला गर्दी झाली, वर्तमानपत्रात फोटो आला. कुणीतरी मला झेंडूचा हार घातला, तर त्या हारातली तार टुणकन माझ्या अंगाला चिकटली. सगळे हसले. रूपराव मात्र हसले नाहीत. ते तेव्हापासून माझ्या दारावरचे परिचर. माणसांच्या अंगावरचं लोखंड उतरवून घेणं हे त्यांचं काम. "बाई, पिन काढा. दादा, पट्टा काढा, किल्ल्या ठेवा. आतमदी लोखंड चालत नाई." दिवसातून चाळीस वेळा ते हेच सांगत, आणि सांगून झाल्यावर स्वतः चाचपून पाहत. आत येणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

काचेच्या पलीकडे रीता बसते. मला चालवते ती. मला माझ्या खोलीबाहेरचं काही दिसत नाही. जे कळतं ते या दोघांच्या बोलण्यातून आणि माझ्यात झोपणाऱ्या माणसांच्या डोक्यांतून.

डोकी मी फार पाहिली. मोटारसायकलवरून आपटलेली, बांधाच्या भांडणात काठी बसलेली, लग्नाच्या वरातीत दगड लागलेली. घाव झाला की मला तो दिसतो. कुणी केला, ते दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर माधवी यांनी एक अभ्यास सुरू केला. त्या मनाच्या आजारांच्या डॉक्टर. दारू पिणाऱ्याच्या मेंदूत काय होतं, दारू सुटल्यावर तो मेंदू किती सुधारतो, हे त्यांना पाहायचं होतं. साठ पिणारे हवे होते. आपला जिल्हा दारूबंदीचा, इतके लोक सापडतील का, असं वरच्या कुणीतरी विचारलं होतं म्हणे. दोन महिन्यांत साठ भरले आणि वर वीस जणांना परत पाठवावं लागलं.

त्या साठांत आंजी गावचा प्रफुल्ल होता. चौतीस वर्षांचा, दणकट खांद्यांचा. शेतातल्या बोअरमध्ये अडकलेल्या मोटारी वर काढण्याचं काम तो करायचा. त्याच्या कामात दोन हात लांबीचा लोखंडी पाईप-पाना लागतो. तो पाना नेहमी त्याच्या थैलीत असे.

माझ्याकडे येण्याआधी तो नऊ दिवस वॉर्डात होता. दारू एकदम बंद झाली की काही जणांचं शरीर उलटून उठतं. तिसऱ्या दिवशी त्याला पलंगावर साप दिसू लागले. त्यानं सलाईनचा खांब उपटून सापांना झोडपलं, खिडकीची काच फोडली, मधे आलेल्या ब्रदरचा दात पाडला. चौघांनी त्याला खाली दाबलं, तेव्हा तो आईच्या नावानं ओरडत होता. हे रीतानं सांगितलं, तेव्हा रूपराव म्हणाले, "असा माणूस मायाळू बी असते अन् मारते बी. दोनी एकाच डोस्क्यात राह्यते."

प्रफुल्ल माझ्यात झोपला. त्याच्या डोक्यावर आम्ही पिंजऱ्यासारखी जाळी बसवतो, त्यात आरसा असतो, आरशात चित्रं दिसतात. विहीर दाखवली, त्याचा मेंदू शांत राहिला. बैल दाखवला, शांत. मग दारूची प्लास्टिकची पन्नी दाखवली, आणि त्याच्या मेंदूचा खोलवरचा एक भाग पेटल्यासारखा उठला. अंग हललं नव्हतं, पापणीही नाही.

त्याच्या कपाळामागे मला आणखी एक गोष्ट दिसली. चिंचोक्याएवढा जुना खड्डा. डॉक्टर माधवींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आठ वर्षांचा असन मॅडम. ताटात मीठ कमी होतं म्हणून बापानं पाट फेकला. मायले मारला होता, मी मधात गेलतो."

मेंदूचा तो भाग राग आवरायला मदत करतो, असं डॉक्टरांनी रीताला सांगितलं.

मित्रांनो, अशा अभ्यासाला न पिणारी माणसंही लागतात. त्याच गावातली, साधारण त्याच वयाची. दोन्ही डोकी शेजारी ठेवून फरक पाहायचा असतो. प्रफुल्लची बायको पौर्णिमा आपणहून तयार झाली. अंगानं बारीक, बोलणं कमी. रूपरावांनी जोडवी काढायला सांगितली तर पाय लुगड्यात ओढून घेतले तिनं. डाव्या पायाची दोन बोटं वाकडी होती.

तिचं डोकं नमुन्याचं निरोगी डोकं म्हणून माझ्यात आलं होतं. मी फोटो काढले. तांदळाच्या दाण्याहून लहान असे काळे ठिपके होते. मेंदूच्या आत जुनं रक्त सांडून वाळलं की तसे ठिपके पडतात. रीतानं मोजले. अकरा.

डॉक्टर माधवींनी तिला काचेपलीकडच्या खोलीत बसवलं. माइक चालूच राहिला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"पौर्णिमाताई, डोक्याला कधी मार लागला होता?"

"पडली होती मॅडम. मोरीत."

"एकदाच?"

पौर्णिमानं पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"किती वेळा पडल्या, ताई?"

"मोजले नाई," पौर्णिमा म्हणाली. आणि मग थांबलीच नाही. भिंतीवर डोकं आपटणं, केसाला धरून ओट्यावर आपटणं, पान्याचा दांडा. एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्वतःच्या मुलीचं नाव आठवेना. नऊ वर्षांची नंदिनी समोर उभी होती आणि तिला हाक कशी मारायची ते सुचेना. हे सांगताना तिचा आवाज वर गेला नाही. शेवटी तिनं विचारलं, "त्यायच्या बी डोस्क्यात डाग हाये म्हणता. मंग त्यायचा दोष नाई का?"

डॉक्टर माधवी म्हणाल्या, "त्यांच्या डोक्यातला डाग त्यांनी केला नाही. तुमच्या डोक्यातले अकरा त्यांनीच केले. अन् बारावा बसला तर तुम्ही उठालच, असं मी सांगू शकत नाही."

त्याच आठवड्यात पौर्णिमा नंदिनीला घेऊन नालवाडीला बहिणीकडे गेली. बहीण सुलोचना. तिनं पौर्णिमाला घेऊन पोलीस ठाण्यात तक्रारही दिली. आणि दोन महिने एक थेंब न प्यालेला प्रफुल्ल पुन्हा प्याला.

आता मी तुम्हाला तो दिवस सांगतो.

पौर्णिमाचं डोकं सारखं दुखत होतं, म्हणून पुन्हा फोटो काढायचा होता. सकाळचे साडेअकरा वाजले होते. माझ्या खोलीचं दार नीट बसत नव्हतं. कडी ढिली झाली होती, आणि दारातली लोखंड ओळखणारी कमान कित्येक महिने बंद पडली होती. रूपरावांनी तीन अर्ज दिले होते. उत्तर आलं नव्हतं. कमानीचं काम ते आपल्या दोन हातांनी करत होते.

पौर्णिमा माझ्यात होती. डोकं जाळीत अडकवलेलं, पाय बाहेर. तिला थंडी वाजते म्हणून रूपराव ब्लँकेट घेऊन आत आले आणि तिच्या पायांवर पांघरू लागले. बाहेरच्या बाकांवरच्या लोकांना प्रफुल्लचा चेहरा ओळखीचा होता. अभ्यासातला माणूस, तारीख असेल, असं समजून त्याला कुणी अडवलं नाही. त्यानं दाराला लाथ घातली. ढिली कडी उडाली.

"माह्या डोस्क्याचे फोटो काढता अन् माहीच बायको पळवता?" तो ओरडला. दारूचा वास खोलीभर झाला. त्याच्या हातात पाना होता.

"प्रफुल्ल, पाना बाहेर ठेव!" रूपराव ओरडले. "आत नको आणू, आत नको..."

प्रफुल्लनं पाना डोक्यावर उगारला आणि दोन पावलं पुढे आला. त्याला पौर्णिमाचे पाय दिसत होते. मी त्याला दिसत नव्हतो.

मित्रांनो, मी तो पाना ओढला. त्याच्या मुठीतून तो असा सुटला की तळहाताची सालटी निघाली. तो हवेत आडवा झाला आणि माझ्या तोंडाकडे आला, जिथं पौर्णिमाच्या मांड्या होत्या. रूपरावांना मी कसा ओढतो ते बारा वर्षांपासून माहीत होतं. त्यांनी डावा हात मधे घातला. पाना त्यांच्या हातासकट माझ्या कडेवर आदळला. कोपराखालचं हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या स्वतःच्या अंगावर ऐकला.

रूपराव किंचाळले. हात पान्यात आणि माझ्यात चिरडला होता, आणि मी सोडत नव्हतो. मला सोडता येत नाही. त्यांचं रक्त माझ्या पांढऱ्या अंगावरून खाली पौर्णिमाच्या ब्लँकेटवर गळत होतं.

प्रफुल्ल क्षणभर रिकाम्या हाताकडे पाहत राहिला. मग त्यानं पौर्णिमाचे दोन्ही पाय धरले आणि तिला बाहेर खेचायला लागला. तिचं डोकं जाळीत अडकलेलं होतं. मान ताणली गेली. तिचा आवाज निघेना, नुसता घशातून घुर्रघुर्र. प्रफुल्ल खेचतच होता.

बारा वर्षं ज्या माणसानं माझ्यात झोपणाऱ्या प्रत्येकाला "हलू नका" म्हणून सांगितलं, तो माणूस त्या वेळी ओरडला, "हाना बाई! लाथ हाना!"

पौर्णिमानं एक पाय सोडवून घेतला आणि दिसत नसतानाही जोरानं टाच मारली. ती प्रफुल्लच्या तोंडावर बसली. तिनं पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तो मागे कोलमडला आणि भिंतीवर आपटून खाली बसला. ओठ फाटला होता, नाकातून रक्त येत होतं. तोवर बाहेरचे लोक आत घुसले. रिकाम्या हातांनी या, असं रीता काचेमागून माइकवर ओरडत होती. चौघांनी त्याला फरपटत बाहेर काढलं. जाताना तो रडत होता आणि शिव्याही देत होता.

पण रूपराव अडकलेलेच होते. तिघांनी मिळून पाना ओढला, तो बोटभरही सुटला नाही. उलट हलवला की हाडं आणखी चुरत होती.

रीताच्या टेबलाशेजारी झाकणाखाली एक लाल बटण आहे. माणूस अडकला तरच ते दाबायचं. ते दाबलं की माझ्या पोटातला सगळा गारवा वाफ होऊन छतावरच्या नळीतून उडून जातो आणि माझं चुंबक मरतं. रीतानं एका हातानं फोन कानाला लावला होता. पलीकडून दवाखान्याचे मोठे साहेब सांगत होते, बटणाला हात लावू नका, नागपूरहून इंजिनिअर निघतोय, तोवर थांबा.

"सर, दोन तासांत त्यांचा हात राहणार नाही," रीता म्हणाली.

"मी सांगतोय ना, थांबा."

रीतानं फोन खाली ठेवला आणि झाकण उघडलं.

इमारत हादरेल असा फूत्कार निघाला. छतावरच्या नळीतून पांढरा धूर उसळला, आवारातले लोक पळाले. माझ्या आत काहीतरी जे जन्मापासून घट्ट होतं, ते सैल होत गेलं. मला दुखलं का, ते सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की जेमतेम मिनिटाभरात पाना खळकन फरशीवर पडला आणि रूपराव गुडघ्यांवर कोसळले. डॉक्टर माधवी धावत आल्या होत्या. त्यांनी आपल्या ओढणीनं रूपरावांचा दंड आवळून बांधला. पौर्णिमा स्वतःच जाळी उघडून उठली होती. ती रूपरावांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणत राहिली, "माह्यामुळे झालं भाऊ, माह्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे नाई," रूपराव म्हणाले, आणि त्यांची शुद्ध हरपली.

त्यांच्या हाताची तीन ऑपरेशनं झाली. हाडांना पट्टी बसवली ती मुद्दाम मी ओढू शकणार नाही अशा धातूची. माझ्याकडे परत यायचं असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र आता मिटत नाहीत.

रीताला नोटीस मिळाली. परवानगीविना यंत्र बंद पाडल्याची. चौकशीत डॉक्टर माधवींनी रूपरावांचे तीन अर्ज टेबलावर ठेवले आणि विचारलं, "याचं उत्तर कोण देणार?" नोटीस मागे घेतली गेली. दाराला नवीन कडी बसली. कमानही आठवड्यात दुरुस्त झाली.

मी सात महिने मेल्यासारखा होतो. ज्या खोलीत रूपराव साधी पिनही येऊ देत नसत, तिथं मोडके लोखंडी पलंग आणून ठेवले. माझ्या पोटात सलाईनचे रिकामे खोके कोंबले. पलंगांना हात लावावासा वाटला तरी मला ओढ उरली नव्हती. मी आधी त्या ओढीचा अभिमान बाळगत असे. त्या सात महिन्यांत मी तिच्याविषयी पुष्कळ विचार केला. ज्याला आपलं बळ आवरता येत नाही, त्याच्याभोवती दार भक्कम असायला हवं, आणि दाराशी जागा माणूस हवा. यंत्राभोवती हवं, तसं माणसाभोवतीही हवं.

उन्हाळ्यानंतर मला पुन्हा हेलियम भरलं. मी पुन्हा फोटो काढू लागलो.

गेल्या महिन्यात दोन पोलीस प्रफुल्लला घेऊन आले. खटला अजून चालू आहे. त्याच्या वकिलानं मागणी केली, म्हणून कोर्टानं डोक्याची तपासणी मागवली होती. त्याच्या हातांत बेड्या होत्या. दाराशी रूपराव उभे राहिले.

"साहेब, बेड्या काढा. आत लोखंड चालत नाई."

पोलीस म्हणाला, "ह्याचा भरवसा नाही. मागं काय केलं माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे," रूपराव म्हणाले. त्यांनी तो हात दाखवला नाही, पण पोलिसानं तो पाहिला. बेड्या निघाल्या.

प्रफुल्ल मान खाली घालून उभा होता. अंगानं अर्धा झाला होता. "रूपरावजी," तो म्हणाला, "मले माफ करा म्हणायले बी तोंड नाई."

"खिशे पाहू दे," रूपराव म्हणाले. एका चांगल्या आणि एका अर्ध्या हातानं त्यांनी त्याला नेहमीसारखं चाचपलं. त्याचं डोकं जाळीत बसवलं, मानेखाली उशी सरकवली. बाहेर पडल्यावर रूपराव रीताजवळ खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

दारूनं सुकलेला त्याच्या मेंदूचा भाग तुरुंगातल्या वर्षभरात थोडा भरून आला होता. कपाळामागचा खड्डा तसाच होता. कोर्ट त्या खड्ड्याचा काय अर्थ लावेल, ते मला माहीत नाही. डॉक्टर माधवींनी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या.

त्या आता न पिणाऱ्यांचेही अहवाल पहिल्यापासून नीट वाचतात. साठ घरांमधल्या बायकांना त्यांनी एकेकीला, नवऱ्याला बाहेर बसवून, भेटायला बोलावलं. त्यांतल्या एकोणीस जणी म्हणाल्या की आम्ही मोरीत पडलो.

पौर्णिमाही वर्षानंतरचा फोटो काढायला आली. ती नालवाडीत खोली घेऊन राहते, एका पाळणाघरात स्वयंपाक करते. नंदिनीचा पाढा चुकला तर ओरडते आणि मग लगेच जवळ घेते, असं तिनं रीताला सांगितलं. ठिपके अकराच होते. ते कधी पुसले जाणार नाहीत. कधीकधी अजूनही तिला एखादं नाव चटकन आठवत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जणांच्या घरात रात्रंदिवस आदळआपट होत असेल. कुणी आईला भिंतीवर आपटत असेल, आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत असतील की ती पडली. तुम्हालाही तेच सांगायला शिकवलं असेल. तुम्ही तसं सांगू नका. शाळेतल्या बाईंना सांगा, शेजारच्या काकूंना सांगा, दवाखान्यात कुणी विचारलं तर खरं सांगा. एकदा सांगून कुणी ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. मी फक्त सांडून वाळलेलं रक्त दाखवू शकतो. ते सांडण्याआधी घरात तुम्ही असता, मी नसतो.